जिजाबाई : माहेर, सासर आणि सोयरिकी

चौक, लोधिवली, खालापूर या पट्ट्यात राहणाऱ्यांना प्रबळगडाचा लांबरुंद माथा नवा नाही. शेजारी इर्शाळगडाचा सुळका आणि मागे हा आडवा पसरलेला डोंगर हे या परिसरातले नित्याचे दृश्य आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात या गडाला मुरंजन म्हणत. १६३६ साली निजामशाही कायमची बुडत असताना शहाजीराजे भोसले आपल्या कबिल्यासह या गडाच्या आश्रयाला आले. कबिल्यात जिजाबाई होत्या आणि सहा वर्षांचे शिवाजीराजे होते. मोगल सरदार खानजमान पाठलागावर होता. चौलच्या पोर्तुगिजांकडे आसरा मागून पाहिला, तो मिळाला नाही. मुरंजनवरही फार काळ थांबता आले नाही. कबिला माहुलीला हलला, माहुलीला वेढा पडला आणि त्या वर्षाच्या अखेरीस शहाजीराजांना शस्त्र खाली ठेवावे लागले.

जिजाबाईंचे चरित्र आपण प्राथमिक शाळेपासून ऐकत आलो आहोत. लहानग्या शिवाजीला रामायण-महाभारतातील कथा सांगणारी माता ही त्यांची प्रतिमा मनावर इतकी ठसलेली आहे की दुसरी कोणतीही बाजू सहसा डोळ्यांसमोर येत नाही. या प्रतिमेत चुकीचे काही नाही. मात्र ती अपुरी आहे. तिच्यात माता आहे, परंतु मुलगी, बहीण, पत्नी, सवत, सासू आणि आजी नाही. या घटकात आपण जिजाबाईंच्या जीवनाकडे त्यांच्या नात्यांच्या बाजूने पाहणार आहोत. सरदार घराण्यातील स्त्रीच्या आयुष्यात विवाह हा केवळ घरगुती प्रसंग नसे. कोणत्या घराशी सोयरीक जोडायची यावर किल्ले, जहागिरी आणि कधी कधी माणसांचे प्राणही अवलंबून असत.

साधनांविषयी एक सूचना येथेच देणे इष्ट आहे. कवींद्र परमानंदांचे संस्कृत काव्य शिवभारत, जेधे शकावलीतील त्रोटक नोंदी आणि कृष्णाजी अनंत सभासदाची बखर ही तुलनेने जवळच्या काळातील साधने होत. पुढे लिहिल्या गेलेल्या बखरींमध्ये संवाद आणि प्रसंग रंगवण्याची हौस अधिक आहे. त्यामुळे जी गोष्ट उत्तरकालीन बखरीतच आढळते, ती परंपरा म्हणून वाचावी.

१. सिंदखेडचे जाधवराव

जिजाबाईंचा जन्म आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड येथे झाला. परंपरेने त्यांची जन्मतारीख १२ जानेवारी १५९८ मानली जाते. वडील लखुजी जाधवराव, आई म्हाळसाबाई. जाधवराव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवीत आणि तो अभिमान घराण्यात मुरलेला होता. लखुजी हे निजामशाहीतील आघाडीचे मराठा सरदार होते. त्यांच्या पदरी मोठे घोडदळ असे आणि ते ज्या बाजूला उभे राहतील त्या बाजूचे पारडे जड होई. अशा माणसाला दरबारात मान मिळतो आणि त्याच्याविषयी संशयही वाटतो. पुढे घडलेल्या अनर्थाचे बीज या दुहेरी स्थितीत होते.

दख्खनमधील त्या काळच्या सरदाराची निष्ठा आजच्या अर्थाने एका देशाशी किंवा एका गादीशी बांधलेली नसे. निजामशाही, आदिलशाही आणि उत्तरेकडून रेटत येणारी मोगल सत्ता या तिन्हींमध्ये सरदार आपले सैन्य घेऊन जात-येत. वतन टिकावे, पथक टिकावे आणि घराण्याचा दर्जा उतरू नये हे त्यामागचे हिशेब असत. एकाच घरातील दोन भाऊ दोन सत्तांकडे असणे हेही नवलाचे नव्हते. यावरून त्यांना सरसकट बेभरवशाचे ठरवणे हा उतावळा निष्कर्ष होईल.

२. भोसल्यांच्या घरात

वेरूळचे भोसले हे तेव्हा जाधवरावांच्या तोलाचे नव्हते. मालोजी भोसले निजामशाहीत पराक्रमाने पुढे आलेले होते. त्यांनी शहाशरीफ या अहमदनगरच्या पिराला नवस केला होता आणि त्यावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली, असे सांगितले जाते.

शहाजी-जिजाऊंच्या विवाहाविषयी बखरींत एक प्रसिद्ध कथा आहे. शिमग्याच्या सणाला जाधवरावांच्या वाड्यात मंडळी जमली, दोन्ही मुले एकमेकांवर रंग उडवू लागली, जोडा शोभतो असे लखुजी सहज बोलून गेले आणि मालोजींनी भर सभेत तो शब्द धरून ठेवला. जाधवरावांच्या घरातून विरोध झाला, मालोजींनी दर्जा वाढवून घेतला आणि अखेर निजामशहाच्या मध्यस्थीने लग्न लागले. कथा मोठी रंजक आहे. तिच्यावर फार भार मात्र टाकू नये. मालोजींच्या पत्नी उमाबाई या फलटणच्या नाईक निंबाळकरांच्या घरातील होत्या. ज्या घरी निंबाळकरांनी मुलगी दिली, ते घर अगदीच उपेक्षित होते असे मानता येत नाही. दोन घराण्यांच्या दर्जातील अंतर पुढच्या पिढ्यांच्या स्मरणात राहिले आणि त्या स्मरणाभोवती कथा विणली गेली, असे समजणे अधिक सयुक्तिक आहे. विवाह १६०५ च्या सुमारास झाला असे सामान्यतः मानतात. वर आणि वधू दोघेही तेव्हा मुलेच होती.

या विवाहाने दोन सरदार घराणी जोडली गेली, परंतु जोडलेली राहिली नाहीत. शिवभारतात वर्णिलेला खंडागळे यांच्या हत्तीचा प्रसंग याची साक्ष देतो. निजामशहाचा दरबार आटोपून सरदार बाहेर पडत असताना खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला आणि माणसे तुडवू लागला. लखुजींचे पुत्र दत्ताजी हत्तीवर चालून गेले. विठोजी भोसल्यांचे पुत्र संभाजी आणि खेलोजी, म्हणजे शहाजीराजांचे चुलतभाऊ, खंडागळ्यांच्या बाजूने मध्ये पडले. हत्तीवरून सुरू झालेला तंटा माणसांवर आला. संभाजींच्या हातून दत्ताजी मारले गेले. मुलगा पडल्याचे कळताच लखुजी परतले आणि त्यांनी संभाजींना ठार केले. या धुमश्चक्रीत शहाजीराजेही आपल्या सासऱ्यांसमोर उभे राहिले आणि जखमी झाले.

हा प्रसंग जिजाबाईंच्या बाजूने पाहिला म्हणजे त्याचे गांभीर्य ध्यानात येते. एका दिवसात त्यांचा सख्खा भाऊ सासरच्या माणसाकडून आणि चुलत दीर वडिलांकडून मारला गेला. दोन्ही घरांत सुतक पडले. त्यानंतर वर्षभरातच, १६२४ मध्ये, अहमदनगरजवळ भातवडीची लढाई झाली. मलिक अंबरच्या नेतृत्वाखाली निजामशाही फौजेने मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. शहाजीराजे निजामशाहीकडून लढले. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी या लढाईत कामी आले. लखुजी जाधवराव तेव्हा मोगलांच्या बाजूला होते. पिता आणि पती समोरासमोरच्या छावण्यांत असताना जिजाबाईंनी कोणाच्या विजयाची वाट पाहिली असेल, याचे उत्तर कोणत्याही साधनात नाही. पुढील आयुष्यात त्यांनी भोसल्यांचे घर कधी सोडले नाही, एवढे मात्र स्पष्ट दिसते.

३. देवगिरीची हत्या आणि शिवनेरीचा आसरा

पुढे लखुजी पुन्हा निजामशाहीत परतले. २५ जुलै १६२९ या दिवशी ते दौलताबादच्या किल्ल्यात मुजऱ्यासाठी गेले असता निजामशहाच्या हुकमाने त्यांच्यावर दगाफटका झाला. लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी आणि राघोजी आणि नातू यशवंतराव असे चौघे तेथेच मारले गेले. बातमी बाहेर फुटताच म्हाळसाबाई उरलेल्या मंडळींसह सिंदखेडकडे निघून गेल्या. ज्या यादवांचे वंशज म्हणून हे घराणे मान मिरवीत होते, त्या यादवांच्याच राजधानीत जाधवरावांचा असा शेवट व्हावा, हा दैवदुर्विलास त्या काळातील लोकांनाही जाणवल्यावाचून राहिला नसेल.

शिवाजी महाराजांच्या जन्माला तेव्हा जेमतेम सात महिने राहिले होते. ज्या निजामशाहीची चाकरी पती करीत होते, त्याच निजामशहाने पित्याला आणि दोन भावांना मारले होते. शहाजीराजे यानंतर निजामशाहीतून बाहेर पडले आणि १६३० च्या अखेरीस काही काळ मोगलांकडे गेले. सिंदखेडचे उरलेले जाधव मोगलांच्या सेवेत गेले ते तेथेच राहिले. जिजाबाईंना माहेर असे म्हणण्याजोगे घर, निदान जवळपास, उरले नाही.

मग बाळंतपण कोठे व्हावे? येथे एक सोयरीक उपयोगी पडली. जिजाबाईंचे थोरले पुत्र संभाजीराजे यांचा विवाह शिवनेरीचे किल्लेदार विश्वासराव यांची कन्या जयंतीबाई हिच्याशी झाला होता. धावपळीच्या या दिवसांत शहाजीराजांनी जिजाबाईंना शिवनेरीवर, म्हणजे आपल्या व्याह्यांच्या हवाली ठेवले. पहिले बाळंतपण माहेरी अशी आपल्याकडील रूढी आहे. येथे थोरला मुलगा लग्नाचा झालेला असताना आई त्याच्या सासुरवाडीच्या किल्ल्यात बाळंत झाली. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म झाला. शिवनेरीचे नाव आपण सर्वजण जाणतो. तेथे जन्म होण्यामागे एक नुकतेच झालेले लग्न होते, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

पुढची सहा वर्षे अस्थिरतेची होती. दुष्काळ पडला. पुणे परगणा आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने उद्ध्वस्त केला. शहाजीराजांनी १६३२ मध्ये मोगलांची साथ सोडली, १६३३ मध्ये निजामशाही वंशातील एका लहान मुलाला पेमगिरीवर गादीवर बसवून त्याच्या नावाने राज्यकारभार चालवण्याचा प्रयत्न केला आणि अखेर मोगल व आदिलशाही या दोन्ही सत्ता एकत्र आल्यावर तो प्रयत्न फसला. आरंभी पाहिलेला मुरंजनचा मुक्काम या धावपळीच्या शेवटच्या टप्प्यातला आहे. आज प्रबळगडावर जाताना झाडीतून वर चढणारी वाट पाहिली म्हणजे एका स्त्रीने लहान मुलासह, मागे फौज असताना, असे किती गड चढले-उतरले असतील याची थोडी कल्पना येते.

विचार करा : विवाहसंबंधामुळे जिजाबाईंना संरक्षण मिळाल्याचा एक आणि विवाहसंबंध असूनही संघर्ष टळला नाही असा एक, असे दोन प्रसंग वरील विवेचनातून शोधा आणि त्यांची कारणे आपल्या शब्दांत लिहा.

४. दोन बिऱ्हाडे

शहाजीराजांचा दुसरा विवाह मोहिते घराण्यातील तुकाबाईंशी झाला. तुकाबाईंचे बंधू संभाजी मोहिते यांच्याकडे पुढे सुपे परगण्याचा कारभार होता. तुकाबाईंचे पुत्र एकोजी, म्हणजेच व्यंकोजी. याशिवाय नरसाबाई याही शहाजीराजांच्या पत्नी होत्या. अनेक विवाह ही त्या काळातील सरदारांची सर्वमान्य रीत होती. म्हणून जिजाबाईंना पतीने टाकले होते, अशा धर्तीची जी कादंबरीमय मांडणी कधी कधी केली जाते ती जपून घ्यावी. दुसऱ्या टोकाला, सवतीचे येणे अगदी सहज स्वीकारले गेले असेल असेही गृहीत धरू नये.

घडले ते असे. १६३६ नंतर शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले आणि कर्नाटकातील मोहिमांवर त्यांची नेमणूक झाली. बेंगळुरू हे त्यांचे मुख्य ठाणे बनले. पुण्याची जहागीर कायम राहिली. शिवाजीराजांच्या पहिल्या विवाहानंतर जिजाबाई आणि शिवाजीराजे काही काळ बेंगळुरूला होते. १६४२ च्या सुमारास ते पुण्याला परतले. दादोजी कोंडदेव कारभाराला होते. थोरले संभाजीराजे वडिलांजवळ राहिले, तुकाबाई आणि एकोजी तेथेच राहिले. अशा रीतीने एका कुटुंबाची दोन बिऱ्हाडे झाली: एक तुंगभद्रेच्या पलीकडे आणि एक सह्याद्रीच्या पायथ्याशी. पती-पत्नीमधील हे अंतर पुढे कधीच मिटले नाही.

या विभागणीचे परिणाम दूरवर गेले. बेंगळुरूच्या बिऱ्हाडात जिजाबाई ज्येष्ठ पत्नी असल्या तरी अनेकांतील एक झाल्या असत्या. पुण्यात त्या घरच्या धनीण होत्या. उजाड झालेली कसबा पेठ पुन्हा वसवण्याचे काम त्यांच्या देखरेखीखाली झाले. वतनाचे तंटे त्यांच्यासमोर येत आणि त्यांचा निवाडा त्यांच्या नावाने होई. पतीच्या अनुपस्थितीत जहागीर सांभाळणारी स्त्री ही त्या काळात अपूर्व गोष्ट नव्हती. आपल्या खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाला कोंडीत पकडले, तेव्हा त्याच्या सैन्यात माहूरच्या देशमुख घराण्यातील रायबागन ही विधवा सरदारीण आपल्या पथकासह होती. शरण जाण्याचा शहाणपणाचा सल्लाही तिनेच दिला. घराचा पुरुष नसताना घोड्यावर बसणारी रायबागन आणि पती हयात असूनही त्याच्याविना जहागीर चालवणाऱ्या जिजाबाई ही एकाच समाजव्यवस्थेची दोन रूपे आहेत.

येथे थोडे बाहेरच्या जगाकडे पाहू. पंधराव्या शतकातील इंग्लंडमध्ये मार्गारेट ब्यूफोर्ट नावाची उमराव घराण्यातील स्त्री होऊन गेली. तिचा पहिला वाङ्निश्चय बालपणीच झाला आणि मोडला. एडमंड ट्यूडरशी तिचे लग्न झाले. तो वारला तेव्हा ती गरोदर होती आणि वयाच्या तेराव्या वर्षी, १४५७ मध्ये, तिला मुलगा झाला. त्यानंतर तिने हेन्री स्टॅफर्ड आणि पुढे थॉमस स्टॅन्ली यांच्याशी विवाह केले. या शेवटच्या पतीच्या सैन्यबळाचा उपयोग १४८५ मध्ये तिच्या मुलाला इंग्लंडची गादी मिळण्यात झाला आणि तो सातवा हेन्री म्हणून राजा झाला. इंग्लिश उमराव स्त्रीला आपल्या पुनर्विवाहांतून घराण्याचे राजकारण करता येई. मराठा सरदार घराण्यात पुनर्विवाह नव्हता. येथे स्त्रीच्या हाती जे असे ते मुलांच्या आणि नातवंडांच्या लग्नांत असे. जिजाबाईंनी केलेल्या सोयरिकी या दृष्टीने वाचल्या पाहिजेत.

५. सुना आणि व्याही

शिवाजी महाराजांचा पहिला विवाह १६४० मध्ये पुण्यात फलटणच्या निंबाळकर घराण्यातील सईबाईंशी झाला. उमाबाईंच्या माहेरचीच ही मुलगी. आजेसासूच्या घरातून नातसून आणून भोसले-निंबाळकर हे जुने नाते ताजे केले गेले. त्यानंतर ज्या घराण्यांतून सुना आल्या त्यांची नावे वाचताना मावळ, कोकण आणि देश येथील मराठा सरदारांची जणू एक यादीच समोर येते: मोहिते, पालकर, गायकवाड, जाधव, शिर्के, विचारे, इंगळे. यांपैकी पालकर हे नाव आपल्या परिसराशी निगडित आहे. पुतळाबाई या घराण्यातील होत, आणि चौक हे नेताजी पालकरांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाते. नव्या राज्याला ज्या माणसांची गरज होती, ती माणसे वेतनाने आणि वतनाने मिळत. त्यांना नात्याने बांधून ठेवण्याचे काम या लग्नांनी केले.

दोन विवाह येथे थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहेत. पहिला सोयराबाईंचा. त्या मोहित्यांच्या घरातील, म्हणजे सवतीच्या माहेरची मुलगी. तुकाबाईंचे बंधू संभाजी मोहिते हे शिवाजी महाराजांचे सावत्र मामा. १६५६ च्या सुमारास महाराजांनी सुपे ताब्यात घेतले तेव्हा या मामांना बाजूला सारावे लागले. असे असूनही मोहिते घराणे तुटले नाही. सोयराबाई पुढे पट्टराणी झाल्या, त्यांचे बंधू हंबीरराव सरनोबत झाले आणि हंबीररावांची कन्या ताराबाई ही राजारामांची पत्नी झाली. सवतीच्या माहेराशी वैर धरण्यापेक्षा तेथून सून आणणे हे अधिक दूरदर्शीपणाचे होते.

दुसरा काशीबाईंचा. काशीबाई सिंदखेडच्या जाधवांच्या. १६५७ च्या सुमारास हा विवाह झाला. खंडागळ्यांच्या हत्तीपासून सुरू झालेले वैर, भातवडीला समोरासमोर उभे राहणे, देवगिरीच्या हत्येनंतर पडलेले अंतर, एवढे सगळे मागे असताना जिजाबाईंच्या माहेरची मुलगी त्यांची सून होऊन आली. मामाच्या घरची मुलगी करण्याची रीत मराठ्यांत आहेच. पण या लग्नात रीतीपेक्षा अधिक काही होते. सुमारे तीस वर्षे बंद राहिलेले दार त्या लग्नाने किलकिले झाले. सिंदखेडकर मोगलांची चाकरी करीतच राहिले, हेही नोंदवले पाहिजे. सोयरिकीने मने वळतात. वतनाचे हिशेब दर वेळी वळतातच असे नाही.

निंबाळकरांच्या संदर्भात आणखी एक प्रसंग येतो. सईबाईंचे बंधू बजाजी निंबाळकर यांना आदिलशाहीत सक्तीने धर्मांतर करावे लागले होते. त्यांना शुद्ध करून परत घेण्यात आले. परत घेणे आणि पंक्तीला घेणे यांत आपल्या समाजात मोठे अंतर असते. ते अंतर मिटावे म्हणून बजाजींचे पुत्र महादजी यांना शिवाजी महाराजांची कन्या सखुबाई दिली गेली. या निर्णयामागे जिजाबाई होत्या असे परंपरा सांगते. ब्रह्मवृंदाच्या शुद्धिपत्रापेक्षा राजघराण्याने दिलेली मुलगी ही अधिक खणखणीत ग्वाही होती. तसेच शृंगारपूरच्या शिर्क्यांशी दुहेरी नाते जोडले गेले: पिलाजी शिर्के यांची कन्या येसूबाई नातू संभाजीराजांना केली आणि महाराजांची कन्या राजकुंवर पिलाजींचे पुत्र गणोजी यांना दिली. कोकणातील एक प्रबळ घराणे या साटेलोट्याने जवळ आले.

६. मृत्यू आणि जबाबदाऱ्या

ही लग्ने लागत असताना घरातील माणसे एकामागून एक जात होती. १६४८ मध्ये जिंजीजवळच्या छावणीत शहाजीराजांना आदिलशाही सेनापती मुस्तफाखानाने कैद केले. दुसऱ्या वर्षी सुटका झाली तेव्हा शिवाजी महाराजांना कोंढाणा परत द्यावा लागला. १६५४ च्या सुमारास थोरले संभाजीराजे कर्नाटकातील कनकगिरीच्या वेढ्यात मारले गेले. या मृत्यूला अफझलखान जबाबदार होता अशी भावना भोसल्यांच्या घरात होती. पाच-सहा वर्षांनी हाच खान प्रतापगडाच्या पायथ्याशी आला, त्या वेळी राजगडावरील जिजाबाईंच्या मनात एका मुलाचे स्मरण आणि दुसऱ्याची काळजी एकदमच असणार. त्याच १६५९ सालच्या सप्टेंबरात सईबाई राजगडावर वारल्या. अवघ्या दोन वर्षांचे संभाजीराजे आजीच्या ओटीत आले. कापूरहोळच्या धाराऊने त्यांना दूध पाजले होते. वाढवले ते जिजाबाईंनी. आपल्या मृत मुलाचेच नाव धारण करणाऱ्या नातवाला त्या पंधरा वर्षे सांभाळत होत्या.

१६६० मध्ये महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले. वेढा उठेना, तेव्हा स्वतः फौज घेऊन निघण्याची तयारी जिजाबाईंनी केली होती, असे शिवभारतात वर्णन आहे. नेताजी पालकर परत येऊन दाखल झाल्यावर त्यांनी हे काम अंगावर घेतले. जिजाबाईंचे वय तेव्हा साठीच्या पुढे होते.

२३ जानेवारी १६६४ रोजी कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचा मृत्यू झाला. महाराज सुरतेहून परतत होते. ते राजगडाला पोहोचले तेव्हा जिजाबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला होता. वर्षानुवर्षे दूर राहिलेल्या पतीसाठी त्या अग्निप्रवेश करायला निघाल्या होत्या, यावरून त्या नात्याविषयी सोपे निष्कर्ष काढणारांनी थोडे थांबावे. महाराजांनी आणि कारभाऱ्यांनी विनवण्या केल्या आणि त्यांना या निश्चयापासून परावृत्त केले. पुढील वर्षी, ६ जानेवारी १६६५ रोजी, सूर्यग्रहणाच्या पर्वावर महाबळेश्वरी त्यांची सुवर्णतुला झाली.

त्याच वर्षी पुरंदरचा तह झाला आणि मार्च १६६६ मध्ये महाराज आग्र्याला निघाले. जाताना राज्याचा भार त्यांनी मातोश्रींवर सोपवला. मुलगा आणि नातू दोघेही बादशहाच्या पहाऱ्यात असताना सुमारे सहा महिने राज्याची घडी विस्कटली नाही. सती न जाता जगलेल्या त्या दोन वर्षांचे मोल येथे कळून येते. महाराज सप्टेंबरात राजगडाला आले, तेव्हा संभाजीराजे बरोबर नव्हते. त्यांना मथुरेला ठेवले होते. नातू परत दिसेपर्यंतचे दिवस आजीसाठी कसे गेले असतील हे सांगण्याची गरज नाही.

७. पाचाड

रायगड राजधानी झाल्यावर गडावरील वारा आणि थंडी जिजाबाईंना सोसेना. म्हणून पायथ्याच्या पाचाड गावी त्यांच्यासाठी वाडा बांधला गेला. राज्याभिषेकापूर्वी काही महिने, १६७४ च्या मार्चमध्ये, काशीबाई वारल्या. माहेराहून आलेली सून सासूच्या आधी गेली.

राज्याभिषेकाच्या विधींत आपल्या विषयाशी जुळणारी एक गोष्ट आहे. २९ मे १६७४ रोजी महाराजांची मुंज झाली आणि दुसऱ्या दिवशी हयात राण्यांशी त्यांचे वैदिक मंत्रांनी पुन्हा विवाह लावण्यात आले. मुलाच्या लग्नात जिची भूमिका सर्वांत मोठी असते, त्या मातेने तीच लग्ने दुसऱ्यांदा लागताना पाहिली. त्या मांडवात सईबाई नव्हत्या आणि काशीबाईही नव्हत्या. ६ जूनला अभिषेक झाला. सोयराबाई पट्टराणी म्हणून आणि सईबाईंचे पुत्र संभाजीराजे युवराज म्हणून बसले. अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ च्या रात्री, पाचाडच्या वाड्यात जिजाबाईंनी देह ठेवला. मघाशी जिचा उल्लेख आला ती मार्गारेट ब्यूफोर्टही नातू आठवा हेन्री याचा राज्याभिषेक पाहून पाचच दिवसांनी, २९ जून १५०९ रोजी, वारली होती.

जिजाबाईंच्या पश्चात दोन बिऱ्हाडांचा जुना प्रश्न पुन्हा वर आला. एकोजींनी तंजावर घेतले आणि १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवर असताना महाराजांनी त्यांच्याकडे वडिलांच्या दौलतीतील वाटा मागितला. घरात सोयराबाई आणि संभाजीराजे यांच्यातील अंतर वाढत गेले. १६८० मध्ये महाराजांच्या निधनानंतर ते उघड झाले आणि दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवण्याचा प्रयत्न झाला. त्या वेळी संभाजीराजांच्या बाजूने जे ठामपणे उभे राहिले, ते सोयराबाईंचे सख्खे बंधू हंबीरराव मोहिते होते.

पाचाडला वाड्याचे चौथरे, तटाच्या भिंती आणि विहिरी आजही पाहता येतात. समाधी गावातच, थोड्या अंतरावर आहे. रायगडावर जाणारे बहुतेक प्रवासी पाचाडवरूनच पुढे जातात. कर्जत-खालापूरकडील विद्यार्थ्यांनी हा घटक वाचल्यानंतर एकदा तेथे जावे. आणि जमल्यास त्याआधी घराजवळचा प्रबळगडही चढून पाहावा.